चेहरा बदलून चुकारे मिळत नाहीत

सरकारवर लोक नाराज झाले आणि निवडणूक वर्षभरावर आली की सत्ताधारी पक्षात एकच सल्ला फिरू लागतो: मुख्यमंत्री बदला. हा सल्ला देणारे काही मूर्ख नसतात. त्यांचं म्हणणं असं की मतदार धोरणावर नाही, माणसावर चिडतो. माणूस हलवला की राग ओसरतो, नव्या माणसाला लोक थोडी सवड देतात, आणि तेवढ्यात निवडणूक पार पडते. महाराष्ट्रात हा सल्ला अनेकदा मानला गेला आहे, त्यामुळे त्याचा हिशेब मांडता येतो. तो मी मुंबईतून नाही, चंद्रपूर-गडचिरोलीतून मांडणार आहे. इथून मंत्रालय जितकं दूर आहे, तितकाच मुख्यमंत्र्याचा चेहराही दूर आहे.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत या दोन मतदारसंघांत भाजपने नेमके दोन वेगळे मार्ग धरले. चंद्रपुरात चेहरा बदलला. हंसराज अहिर यांच्याऐवजी राज्याचे वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांना उभं केलं. गडचिरोली-चिमूरमध्ये चेहरा तोच ठेवला. दोनदा निवडून आलेले अशोक नेते तिसऱ्यांदा रिंगणात होते. दोन्हीकडे मतदान एकाच दिवशी, १९ एप्रिलला झालं. मुनगंटीवार २ लाख ६० हजारांहून अधिक मतांनी हरले आणि नेते १ लाख ४० हजारांहून अधिक मतांनी. मुनगंटीवारांना हरवणाऱ्या काँग्रेसच्या प्रतिभा धानोरकरांच्या विजयात पतीच्या निधनानंतरची सहानुभूती होती, जातीची गणितं होती, संविधानाबद्दलची भीती होती, कापूस-सोयाबीनच्या भावाचा संताप होता, हे सगळं मान्य. पण चेहरा बदलला की राग ओसरतो हे म्हणणं खरं असतं, तर चंद्रपूरचा पराभव निदान गडचिरोलीपेक्षा लहान व्हायला हवा होता. तो मोठा झाला.

असं का झालं, हे पाहायचं असेल तर दिवाळीनंतर एखाद्या धान खरेदी केंद्रावर उभं राहावं. धानाची चुरणी आटोपलेली असते, ट्रॅक्टर-बैलगाड्यांची रांग लागलेली असते. शेतकऱ्याच्या पिशवीत सातबारा, आधार, बँकेचं पासबुक आणि ऑनलाइन नोंदणीची पावती. आज बारदाना आला नाही म्हणून काटा बंद. उद्या गोदाम भरलं म्हणून बंद. माप झालं तरी चुकारे कधी खात्यात येतील ते कोणी सांगत नाही, आणि तिकडे ३१ मार्चच्या आत पीककर्ज फेडलं नाही तर व्याजाची सवलत जाते. मग गरजू माणूस हमीभावाची वाट सोडतो आणि पडत्या दरात खासगी व्यापाऱ्याला धान विकून मोकळा होतो. त्या रांगेत तास दोन तास काढा. बोलणं बोनसचं, बारदान्याचं, रानडुकरांनी लोळवलेल्या बांधीचं, वाघाच्या भीतीने ओस पडलेल्या शेताचं असतं. मुख्यमंत्री कोण असावा याची चर्चा तिथे होत नाही. इथला राग माणसाच्या नावाला चिकटलेला नाही, तो अडलेल्या कामाला चिकटलेला आहे. नाव बदलून तो कसा जाईल?

गडचिरोलीतल्या ओबीसी आरक्षणाचंच घ्या. जिल्हा पातळीवरच्या नोकरभरतीत ते १९ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं आणि वर्षानुवर्षं तसंच राहिलं. या काळात विलासराव गेले, सुशीलकुमार आले, विलासराव परत आले, मग अशोक चव्हाण, पृथ्वीराज चव्हाण, आणि २०१४ ते २०१९ देवेंद्र फडणवीस. मोर्चे निघाले, निवेदनं दिली गेली, पोरांची नोकरीची वयं उलटली. मुख्यमंत्र्यांची रांग पुढे सरकत राहिली आणि ६ चा आकडा जागचा हलला नाही. वनजमीन कसणाऱ्या जबरानजोतधारकांचंही तेच. बिगर-आदिवासी कुटुंबाकडे वनहक्कासाठी तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा मागितला जातो, तो कुठल्याही नव्या चेहऱ्याने माफ केलेला नाही.

आता चेहरा बदलणाऱ्यांचं आवडतं उदाहरण. १८ जानेवारी २००३ रोजी काँग्रेसने विलासराव देशमुखांना हटवून सुशीलकुमार शिंदे यांना आणलं आणि २००४ ची विधानसभा काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीने राखली. राखली, हे खरं. पण मे २००४ च्या लोकसभेत विदर्भाने त्या बदलाला काय उत्तर दिलं? अकरापैकी दहा जागा शिवसेना-भाजप युतीने नेल्या. काँग्रेसकडे उरलं एकटं नागपूर. चंद्रपुरात नरेश पुगलिया हरले, हंसराज अहिर जिंकले. आणि विधानसभेनंतर पक्षाने ज्यांच्या नेतृत्वाखाली मतं मागितली होती त्या शिंद्यांना बाजूला केलं, ज्यांना नको म्हणून काढलं होतं त्या विलासरावांनाच पुन्हा गादीवर बसवलं. मतदाराची याहून मोठी फसवणूक मला माहीत नाही. ज्याच्या नावावर कौल घेतला तो राजभवनात गेला, आणि ज्याच्याबद्दल कौल विचारलाच नाही तो वर्षा बंगल्यात आला.

शिवसेनेने १९९९ च्या फेब्रुवारीत मनोहर जोशींच्या जागी नारायण राणे आणले आणि त्याच वर्षी सत्ता गेली. दिल्लीत १९९८ मध्ये कांदा महागला तेव्हा भाजपने मतदानाच्या तोंडावर साहिबसिंग वर्मांना बदलून सुषमा स्वराज यांच्यासारख्या लोकप्रिय नेत्याला आणलं. कांदा महागच राहिला, दिल्ली हातची गेली. पंजाबात २०२१ च्या सप्टेंबरात अमरिंदर सिंग गेले, चरणजितसिंग चन्नी आले. २०२२ मध्ये काँग्रेस ११७ पैकी १८ जागांवर आली आणि चन्नी स्वतः दोन्ही मतदारसंघांत पडले. यावर हमखास गुजरातचं उत्तर येतं. तिथे २०२१ मध्ये विजय रूपाणींसह अख्खं मंत्रिमंडळ घरी गेलं आणि पुढच्या वर्षी भाजपच्या १५६ जागा आल्या. पण गुजरातमध्ये मतं मागितली गेली ती नरेंद्र मोदींच्या नावावर, आणि ते नाव कोणी बदललं नव्हतं. तिथे नेता बदलला नाही, कारभारी बदलला.

आणखी एक युक्तिवाद आमच्या भागात फार गोड लागतो: आपल्याकडचा माणूस मुख्यमंत्री झाला की आपलं भलं होईल. चंद्रपूरचे मारोतराव कन्नमवार १९६२ च्या नोव्हेंबरात मुख्यमंत्री झाले आणि जेमतेम वर्षभराने पदावर असतानाच वारले. त्यांच्याबद्दलचा अभिमान आम्हा सगळ्यांना आहे, असावाही. पण गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी, आणि तेव्हा मुख्यमंत्री होते बाबासाहेब भोसले. साताऱ्याकडचे, मुंबईतून निवडून आलेले. जिल्हा मागणारी माणसं इथली होती, मागणी जुनी होती, रेटा इथला होता. सही कोणाची, हा प्रश्न त्यानंतरचा.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत बळकट आक्षेप याच मातीतला आहे, तो टाळून चालणार नाही. २०१९ मध्ये काँग्रेसने चंद्रपूर लोकसभेसाठी आधी विनायक बांगडे यांचं नाव जाहीर केलं, मग ते बदलून बाळू धानोरकरांना उमेदवारी दिली, आणि महाराष्ट्रातली काँग्रेसची ती एकमेव जागा ठरली. २०२४ च्या विधानसभेत भाजपने गडचिरोलीत देवराव होळींना थांबवून डॉ. मिलिंद नरोटे यांना उभं केलं, ते जिंकले. शेजारच्या आरमोरीत कृष्णा गजबे यांना कायम ठेवलं, ते हरले. म्हणजे बदल फळतो की!

फळतो, पण कुठला? आमदार-खासदाराच्या उमेदवाराला मतदार ओळखतो. तो मयतीला आला का, वाघाने माणूस मारला त्या रात्री फोन उचलला का, हे गावाला ठाऊक असतं. त्याच्याबद्दलची नाराजी खरोखरच त्या माणसाबद्दलची असते, म्हणून माणूस बदलला की ती फिटू शकते. शिवाय २०१९ चा बदल चंद्रपूरच्या कार्यकर्त्यांच्या ओरडीमुळे झाला होता. दिल्लीने आधी केलेली निवड जिल्ह्याने मोडून काढली. मुख्यमंत्री बदलताना नेमकं याच्या उलट घडतं: निरीक्षक विमानाने येतात, एका ओळीचा ठराव होतो, सर्वाधिकार श्रेष्ठींना दिले जातात, आणि आमदाराला आपला नेता कोण ते टीव्हीवर कळतं.

मग अडचणीतल्या पक्षाने करायचं काय? जून २०२४ मध्ये महायुतीला महाराष्ट्रात ४८ पैकी १७ जागा मिळाल्या. पराभवाची जबाबदारी घेऊन फडणवीसांनी सरकारमधून मोकळं करण्याची विनंती पक्षाला केली. ते तेव्हा उपमुख्यमंत्री होते, गडचिरोलीचे पालकमंत्रीही. पक्षाने ती मानली नाही. मुख्यमंत्री एकनाथ शिंदेही जागेवर राहिले. चेहरे तेच राहिले, पण जुलैपासून लाडकी बहीण योजना आली आणि महिन्याचे १५०० रुपये बायकांच्या खात्यात पडू लागले. नोव्हेंबरमध्ये या दोन जिल्ह्यांतल्या नऊपैकी सात जागा महायुतीने जिंकल्या. निवडणुकीच्या तोंडावर पैसे वाटणं मला मुळीच पसंत नाही, आणि धानाच्या रांगेतला माणूस त्याने सुखी झाला असंही मी म्हणणार नाही. पण इथला मतदार कशाकडे बघतो, ते त्या पाच महिन्यांत दिसलं. तो हातात काय पडलं ते बघतो.

नेता कधीच बदलू नये, असं माझं म्हणणं नाही. नालायक नेता जरूर बदलावा, पण त्याला काम करायला वेळ राहील तेव्हा. नोव्हेंबर २०१० मध्ये पृथ्वीराज चव्हाण आले तेव्हा चार वर्षं हातात होती. एप्रिल २०११ मध्ये ते तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्यासोबत गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला आले आणि आपला बांबू आपणच विकण्याचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती पडला. २०१४ मध्ये लोकसभेच्या पराभवानंतर त्यांना हटवण्याची कुजबुज सुरू झाली, पक्षाने त्यांना हटवलं नाही, पक्ष हरला. तरीही त्यांनी चार वर्षांचा हिशेब स्वतः उभं राहून दिला, आणि मतदाराला तो हिशेब तपासून निकाल देता आला. हरलेला पक्षही मतदाराचं एवढं देणं लागतो. शेवटच्या वर्षी आणलेला माणूस म्हणतो, ते माझ्या आधीचं. गेलेला म्हणतो, मला पूर्ण वेळ दिला नाही. थकलेल्या चुकाऱ्यांचा जाब मग विचारायचा कोणाला?

म्हणून या नऊ आमदारांकडे माझी मागणी साधी आहे. दर डिसेंबरला अधिवेशन नागपुरात भरतं, आमच्यापासून तीन-चार तासांवर. कार्यकाळाच्या दुसऱ्या, फार तर तिसऱ्या हिवाळ्यात आपापल्या विधिमंडळ पक्षाच्या बैठकीत धान खरेदीचा, वनहक्क दाव्यांचा, वाघाच्या हल्ल्यातल्या भरपाईचा आढावा नेत्यासमोर मांडा. उत्तर पटलं नाही तर तिथेच गुप्त मतदान मागा आणि नेता बदला. ती धमक तेव्हा दाखवली नाही, तर पाचव्या वर्षी दिल्लीकडे डोळे लावून चेहरा मागू नका. त्याच नेत्याला सोबत घेऊन कुरखेड्याच्या, धानोऱ्याच्या केंद्रावर या, आणि रांगेतली माणसं काय विचारतात ते दोघं मिळून ऐका.