सिमकार्डाला घाबरलेलं पुण्य

कोल्हापूरची शाहूपुरी ही व्यापाऱ्यांची पेठ. शाहू महाराजांनी 1895 मध्ये वसवली, गुळाच्या सौद्यांवर ती वाढली. इथल्या माणसाला दानधर्म शिकवायला जामनगरहून कुणी यायला नको. पूर्वी बाजारात शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीत हमाली, तोलाईच्या खाली ‘धर्मादाय’ नावाची एक कपात असायची. पैसा शेतकऱ्याचा, पुण्य अडत्याचं. आजच्या अब्जाधीशांचा परोपकार ही मला त्याच कपातीची थोरली आवृत्ती वाटते.

उदाहरण आमच्याच जिल्ह्यातलं. जुलै 2025 च्या अखेरीस शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या जैन मठाची महादेवी हत्तीण जामनगरला, अंबानींच्या ‘वनतारा’ या प्राणी केंद्रात गेली. उच्च न्यायालयाचा आदेश होता, सर्वोच्च न्यायालयानं तो उचलून धरला. तिची तब्येत बरी नाही, असं न्यायालयापुढचे अहवाल सांगत होते. पुढं सप्टेंबरात विशेष तपास पथकानं वनताराला निर्दोषही ठरवलं. तेव्हा कायद्याबद्दल माझी तक्रार नाही, आणि मठात सगळं आलबेल होतं असंही मी म्हणणार नाही.

गंमत पुढं आहे. चिडलेल्या जिल्ह्यानं मोर्चा काढलाच, पण खरा दणका दिला तो मोबाइलच्या दुकानात. लोक धडाधड अंबानींच्याच जिओचे नंबर दुसऱ्या कंपन्यांकडे पोर्ट करू लागले. मग वनताराचे अधिकारी कोल्हापुरात आले, भावना दुखावल्याबद्दल क्षमा मागितली गेली आणि नांदणीजवळच पुनर्वसन केंद्र उभारायचा प्रस्ताव पुढं आला. मुक्या जनावरावरची माया निरपेक्ष होती ना? मग मोबाइलच्या गिऱ्हाइकांनी पाठ फिरवल्यावर तिला घाम का फुटला? हत्तीण आणि सिमकार्ड यांचं नातं सांगायला आमच्या लोकांना अर्थतज्ज्ञ लागला नाही.

“हेतू काही का असेना, उपचार तर होतात!” हे वाक्य मला रोज ऐकवलं जातं. होऊ देत की. दात्याच्या मनात काय आहे ते देव बघेल. मी बघतो किल्ली कुणाच्या कमरेला आहे ते. टाटांच्या ट्रस्टनं 1941 मध्ये मुंबईत परळला कॅन्सरचं रुग्णालय उभारलं. 1957 मध्ये ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडं गेलं. टाटांचं नाव राहिलं, ताबा गेला. आज तिथल्या कारभाराबद्दल खासदाराला संसदेत प्रश्न विचारता येतो. जामनगरच्या हत्तिणीबद्दल शिरोळच्या माणसानं कुणाला विचारायचं? कस्टमर केअरला?

सीएसआरची, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचीही तीच तऱ्हा. 2014 पासून ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करणं कायद्यानं बंधनकारक आहे. तरी शाळेला चार बाक दिले की त्यावर कंपनीचा लोगो, मांडव, नारळ आणि हेडमास्तरांचं गहिवरलेलं आभारप्रदर्शन. मी इन्कम टॅक्स भरतो, तेव्हा माझ्या गळ्यात कुणी हार घातलेला नाही.

याउलट शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. राजेच होते, मनात आणलं असतं तर पाट्या वाटून आयुष्यभर मुजरे घेता आले असते. त्यांनी कायदा केला, आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला दंड लावला. अशा शाळेत शिकलेलं पोर कुणाच्या उपकाराखाली राहत नाही. आजच्या दात्यांना नेमकं हेच परवडत नाही.

हत्तींसाठी इस्पितळ हवं असेल तर ते सरकारनं आमच्या करातून बांधावं आणि त्याचा जाब विधानसभेत द्यावा. अब्जाधीशांना पैसे द्यायचेच असतील तर त्यांनी ते सरकारी तिजोरीत भरावेत, पावती जरूर घ्यावी. किल्ली मात्र मागू नये. पैसे देऊन किल्ली मागणाऱ्याला आमच्या पेठेत दाता म्हणत नाहीत, भागीदार म्हणतात. आणि भागीदाराशी व्यवहार हिशेबानं होतो, हात जोडून होत नाही.