स्टॅनफर्ड फुटबॉलमध्ये का हरतंय? मेख प्रवेशाच्या चाळणीत आहे

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधली (हातात चेंडू घेऊन पळतात, तो खेळ) 'पॅक-१२' ही पश्चिम किनाऱ्याची कॉन्फरन्स २०२४ मध्ये टीव्हीच्या पैशांपायी फुटली. १८९२ पासूनचे प्रतिस्पर्धी स्टॅनफर्ड आणि बर्कली दोघंही पूर्व किनाऱ्याच्या 'एसीसी'त गेले. आता एका सामन्यासाठी थेट बॉस्टनपर्यंत विमानप्रवास. अभ्यास कधी करायचा, ते विचारू नका.

पण खरी अडचण भरतीची. इतर विद्यापीठं 'ट्रान्सफर पोर्टल'मधून तयार खेळाडू उचलतात. स्टॅनफर्डमध्ये कोचने निवडलेल्यालाही प्रवेश विभागाची चाळणी चुकत नाही, म्हणून असे खेळाडू मोजकेच येतात. २०२१ ते २०२४, सलग चार हंगाम १२ पैकी तीनच विजय! चाळणी सैल केली, तर ज्या पदवीच्या नावावर खेळाडू येतात तिचंच वजन घटेल. त्यात २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली आहे.