गोरेपणाची ट्यूब

घरात आरशाजवळ पडलेली एखादी मलमाची ट्यूब हातात घ्या आणि तिच्या मागचा बारीक मजकूर वाचा. पुढचा नको, तो सगळेच वाचतात. मागे बीटामेथाझोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव दिसले, तर ती वस्तू सौंदर्यप्रसाधन नव्हे. ते स्टेरॉइड जातीचे औषध आहे. ताईला मैत्रिणीने सुचवले म्हणून तिने ते आणले, ताईचा चेहरा उजळला म्हणून धाकट्या भावंडांनीही लावले, असे आपल्याकडे सर्रास घडते. माझे मत स्पष्ट आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ही ट्यूब चेहऱ्यावर एक दिवसही लागू नये, आणि गोरे होण्यासाठी तर मुळीच लागू नये. असे का, ते पाहू.

प्रथम रंगाचा विचार करू. आपल्या बाह्यत्वचेच्या तळाशी रंगपेशी असतात. गोऱ्या माणसात त्या कमी आणि काळ्या माणसात जास्त, असा पुष्कळांचा समज आहे, पण तो चुकीचा आहे. शरीराच्या एकाच भागावर मोजल्या, तर सर्व वंशांच्या माणसांत त्यांची संख्या जवळजवळ सारखीच भरते. फरक असतो तो त्या पेशी बनवतात त्या कृष्णरंजकाच्या कणांत: ते किती बनतात, केवढे असतात आणि किती काळ टिकतात यात. हे कण शेजारच्या पेशींत जातात आणि तेथे पेशीकेंद्रावर टोपीसारखे जमून बसतात. उन्हातील अतिनील किरणांपासून केंद्रातील डीएनए वाचवण्यासाठी निसर्गाने प्रत्येक पेशीला दिलेली ही छत्रीच होय. ही छत्री म्हणजे रोग नव्हे. डॉक्टरांकडे जाऊन ती काढून मागणे मला तरी विचित्र वाटते.

आता एक साधा प्रयोग करा. दंडाची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू शेजारी शेजारी धरून पाहा. दंडाच्या आत दिसतो तो तुमचा जन्मजात रंग. हाताच्या मागे त्यावर उन्हाची भर पडलेली आहे. ऊन टाळले, तर ही भर हळूहळू उतरते. त्याहून अधिक गोरेपण, शरीराला इजा न करता, कोणतेही मलम देऊ शकत नाही. शिवाय बाह्यत्वचेच्या तळाशी जन्मलेली पेशी वरपर्यंत येऊन गळून पडायला साधारण एक महिना लागतो. मग 'सात दिवसांत उजळ' म्हणणारे मलम नेमके करते तरी काय?

त्यासाठी दुसरा प्रयोग. पारदर्शक काचेचा पेला हाताच्या कातडीवर हलकेच दाबा आणि काचेतून पाहा. दाबलेली जागा फिकी दिसेल, कारण तेथील केशवाहिन्यांतले रक्त बाजूला सरकले. त्वचारोगतज्ज्ञही काचेची पट्टी दाबून असेच परीक्षण करतात. स्टेरॉइडचे मलम हेच काम दाबाशिवाय करते: ते त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित करते. १९६२ साली मॅकेंझी आणि स्टाउटन या दोघांनी या गुणाचा उपयोग मोजमापासाठी केला. हातावर औषध लावायचे आणि कातडी किती फिकी पडते ते पाहायचे. जितकी फिकी, तितके औषध जहाल! तेव्हा चार दिवसांत आरशात जी 'चमक' दिसते, ती बहुधा औषधाच्या जहालपणाची खूण असते. मुरुमांची लाली आणि सूजही त्याने दबते, म्हणून मन आणखीच खूश होते.

पण पुढे काय होते? काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्वचा पातळ होऊ लागते. खालच्या रक्तवाहिन्या लाल जाळ्यासारख्या दिसू लागतात. मुरुमे नव्याने उठतात, चेहऱ्यावरची लव वाढते. उन्हात दोन मिनिटे उभे राहिले, तरी आग होते. घाबरून मलम बंद करावे, तर दबलेल्या रक्तवाहिन्या एकदम फुलतात; चेहरा लालबुंद होतो, खाजतो, सुजतो. पुन्हा लावले की शांत! व्यसनाचे चक्र याहून वेगळे काय असते? हेच मलम नायट्यावर लावले, तर खाज थांबते, पण बुरशीला मोकळे रान मिळते आणि नायटा पसरत जातो.

यात औषधाचा दोष नाही, हेही सांगितले पाहिजे. १९५२ मध्ये हायड्रोकॉर्टिसोनचे मलम इसबावर वापरले गेले आणि त्वचाविज्ञानात एक नवे पर्व सुरू झाले. योग्य रोगावर, योग्य तीव्रतेचे, मोजके दिवस लावले, तर ते वरदान आहे. १९७५ मध्ये अमेरिकेतील क्लिगमन आणि विलिस यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड यांचे मिश्रण सुचवले. वांगासारख्या डागांवर अशी मिश्रणे डॉक्टर काही आठवडे देतात. पण आपल्याकडे हीच मिश्रणे 'रात्रीचे क्रीम' म्हणून वर्षानुवर्षे चेहऱ्याला फासली गेली. त्याच १९७५ साली गोरेपणाचे एक प्रसिद्ध क्रीमही भारतीय बाजारात आले. त्यात स्टेरॉइड नसे, तो मामला वेगळा. परंतु रंग ट्यूबमध्ये मिळतो ही समजूत घरोघर पोचवण्यात जाहिरातींचा वाटा मोठा आहे. २०२० मध्ये त्या क्रीमच्या नावातले गोरेपण गेले. लोकांच्या मनातले गेले काय?

कायदा उशिरा का होईना, जागा झाला. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून १४ स्टेरॉइडांची मलमेही चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी घातली. तरीही दुकानात नुसते नाव सांगून ट्यूब मिळते, हा अनुभव कोणाला नाही?

ज्या क्रीमच्या डबीवर घटकांची नावेच नसतात, ते तर याहून भयंकर. पारा रंगपेशीतील टायरोसिनेज या विकराचे काम अडवतो, त्यामुळे कातडी खरोखर फिकी पडते. पण तोच पारा त्वचेतून आत जाऊन मूत्रपिंडात साठतो. केरळमधील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या गाळणीचा एक विकार झालेले २२ रुग्ण तपासले. त्यांपैकी १५ जणांत त्या विकाराचा एक विरळा प्रकार आढळला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीमे वापरत होते! लघवीतून प्रथिने वाहून जाणे आणि अंगावर सूज, ही त्याची लक्षणे. गोऱ्या गालांची ही किंमत कोणाला परवडेल?

तुमच्या वयाचा खरा प्रश्न बहुधा तारुण्यपीटिकांचा असतो. हार्मोनांमुळे तैलग्रंथी जोरात काम करू लागतात, केसांची मुळे तुंबतात आणि तेथे जिवाणू वाढतात. काळे ठिपके म्हणजे मळ नव्हे, म्हणून साबणाने घासून ते जात नाहीत. दिवसातून दोनदा सौम्य साबणाने तोंड धुणे पुरे. पुळ्या फोडू नका. आपल्या सावळ्या त्वचेला कोणतीही इजा झाली, की तेथे काळा डाग राहतो. लिंबू चोळून उन्हात जाणे तर मुळीच नको, त्याने त्वचा पोळू शकते. पुळ्या फार असल्या, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. त्यांच्याकडे बेंझॉइल पेरॉक्साइड, ॲडापलीन अशी परिणामकारक औषधे असतात. मात्र गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात, हे आधीच मनाशी धरा. उन्हासाठी टोपी आणि छत्री उत्तम. पुण्यात दुचाकीवरून जाणाऱ्या मुली तोंडाला ओढणी गुंडाळतात. लोक हसतात, पण भौतिकशास्त्र मुलींच्या बाजूचे आहे.

मुरुमांचे खड्डे, भाजल्याचे व्रण किंवा कोड यांवर उपचार करून घ्यावेसे वाटले, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. सौम्य आम्लाने वरचा थर काढणे, लेसर वापरणे, हे खरे वैद्यकीय उपचार आहेत. पण लेसरचा प्रकाश कृष्णरंजकही शोषून घेते. म्हणून गोऱ्या त्वचेला चालणारी मात्रा सावळ्या त्वचेला भाजू शकते. हे काम ब्यूटी पार्लरचे नव्हे.

शिक्षकांनाही एक विनंती. स्नेहसंमेलनात पाहुण्यांना गुच्छ द्यायला गोऱ्या मुली निवडायच्या आणि मागच्या रांगेत सावळ्या मुली उभ्या करायच्या, हे आधी बंद करा. विज्ञानाच्या तासाला रंगपेशींचा धडा शिकवून दुपारी अशी निवड केली, तर मुले दोहोंपैकी कोणता धडा लक्षात ठेवतील?

आणि तुमच्यापैकी कोणी असे मलम आधीच महिनोन्‌महिने लावत असेल, तर गुपचूप बंद करू नका आणि दुसरे क्रीमही आणू नका. घरी सांगा. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतो. तेथे जाताना ती ट्यूब, रिकामी असली तरी, बरोबर न्या. रंग किंवा वास सांगून डॉक्टरांना औषध ओळखता येत नाही, मागच्या बारीक मजकुरावरून येते.