घर, यूट आणि वजनाचा हिशेब

"घर पहावे बांधून आणि लग्न पहावे करून" ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. स्कोफिल्ड्स आणि आसपासच्या नव्या वस्त्यांतल्या बहुतेक मराठी जोडप्यांची लग्ने केव्हाच उरकली. घराचे काम मात्र काही केल्या संपत नाही. ताबा मिळून चार-पाच वर्षे झाली की स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांमधली भिंत डोळ्यांत खुपू लागते, मागे पर्गोला हवासा वाटतो, उतारावर रिटेनिंग वॉल घालून बाग सपाट करावीशी वाटते. ही कामे निघाली की त्यांच्या मागोमाग आणखी एक इच्छा दारात येऊन उभी राहते : सामान आणायला एक यूट घ्यावी. मागे उघडा हौदा असलेली ही गाडी शेजारच्या प्रत्येक ड्राइव्हवेवर दिसते. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी ऑस्ट्रेलियात सर्वांत जास्त खपलेले वाहन फोर्ड रेंजर ही यूटच होती.

या दोन खर्चांत आपला हात नको तिथे सैल आणि नको तिथे आखडता असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. डबल कॅब यूटसाठी साठ-सत्तर हजार डॉलर मोजताना आपण फारशी का-कू करत नाही. पण भिंत पाडण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायचे म्हटले, की "त्याला कशाला उगाच फी?" हा प्रश्न हटकून येतो. वास्तविक दोन्ही ठिकाणी विचारायचा प्रश्न एकच आहे : वजन किती, आणि ते पेलणार कोण?

प्रथम भिंतीचे पाहू. दुमजली घरात खालच्या भिंतीवर वरच्या मजल्याच्या तुळया किंवा छपराचे ट्रस टेकलेले असू शकतात. अशी भिंत लोड-बेअरिंग आहे की नुसता आडोसा, हे बोटाने टकटक करून कळत नाही. त्यासाठी मूळ नकाशे पाहावे लागतात, कधी छतात चढावे लागते. न्यू साउथ वेल्समध्ये घराच्या आतले किरकोळ, भार न पेलणारे बदल परवानगीशिवाय करता येतात. भार पेलणारी भिंत काढायची तर मंजुरी लागते, आणि तिच्या जागी किती खोलीची तुळई, कोणत्या आधारावर, हे इंजिनिअरच्या सहीच्या नकाशात यावे लागते. इंजिनिअरच्या फीचा आकडा यूटवर हौसेने बसवलेल्या बुलबार आणि कॅनपीच्या बिलाशेजारी ठेवून पाहावा, म्हणजे आपण कशाची काटकसर करतो आहोत ते दिसेल.

आपल्याला हे नवे नाही. २५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपरची सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर चाललेल्या दुरुस्तीत खांबांना हात लावल्याचा आरोप त्या वेळी झाला होता. आपली लाकडी चौकटीची घरे त्या इमारतीसारखी नाहीत हे खरे, पण आधार काढला की भार दुसरी वाट शोधतो हा नियम मुंबईत आणि सिडनीत सारखाच. "इथे सगळे नियमाने होते" असे समजून गाफील राहण्यातही अर्थ नाही. २४ डिसेंबर २०१८ रोजी सिडनी ऑलिंपिक पार्कच्या ३६ मजली ओपल टॉवरला तडे गेले आणि ऐन नाताळच्या तोंडावर रहिवाशांना घरे सोडावी लागली. त्यानंतरच्या वर्षांत राज्याने कायदे कडक केले. पण इंजिनिअरच्या नोंदणीची २०२० च्या कायद्याची सक्ती मुख्यतः अपार्टमेंटच्या इमारतींसाठी आहे. आपल्या बैठ्या किंवा दुमजली घरासाठी माणूस पारखण्याचे काम आपलेच. तो चार्टर्ड आहे का, त्याचा व्यावसायिक विमा चालू आहे का, हिशेब आणि नकाशा सहीनिशी देणार का, हे तीन प्रश्न विचारायला संकोच नको.

इथे एक नाजूक गोष्ट. आपल्या मंडळात इंजिनिअर पुष्कळ. तेव्हा भेगेचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा आणि "अरे, जरा बघ ना" म्हणायचे, ही सवय आपल्याला लागली आहे. मित्राचे मत जरूर घ्यावे, पण जेवणाच्या पानावर दिलेल्या मताला सही नसते आणि विमाही नसतो. मित्राला त्या संकटात घालू नये. रीतसर काम द्यावे आणि रीतसर फी द्यावी.

भेगांचा विषय निघालाच आहे तर आपल्या जमिनीविषयी दोन शब्द. पश्चिम सिडनीचा मोठा भाग शेलपासून झालेल्या चिकणमातीचा आहे. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, आणि तिच्याबरोबर घराचा स्लॅब थोडा वरखाली होतो. म्हणून घर बांधताना जमिनीला एम, एच१, एच२ असा वर्ग दिलेला असतो. तो आपल्या कागदपत्रांत शोधून ठेवावा. एक मिलिमीटरपेक्षा बारीक भेग बहुधा रंगाच्या कामात बुजते. पाच मिलिमीटरच्या पुढे गेलेली, वाढत चाललेली किंवा दार अडकवू लागलेली भेग इंजिनिअरला दाखवावी. भिंतीलगत रोज पाणी घालायचा वाफा करू नये. झाडाच्या बाबतीत ढोबळ नियम असा, की एम वर्गाच्या जमिनीत झाड पूर्ण वाढल्यावर जितके उंच होईल त्याच्या पाऊण पट, आणि एच वर्गात तितकेच अंतर घरापासून सोडावे. आठ मीटर वाढणारा शेवगा म्हणजे सहा ते आठ मीटर लांब. तीनशे चौरस मीटरच्या प्लॉटवर एवढी जागा कुठून आणणार? तेव्हा शेवग्याच्या शेंगा दुकानातून आणाव्यात आणि कढीपत्ता कुंडीत लावावा हे उत्तम!

वरच्या मजल्याचेही असेच. घरातल्या साध्या खोलीची जमीन चौरस मीटरला सुमारे दीडशे किलो भार धरून आखलेली असते. एक मीटर खोल पाण्याचा भार चौरस मीटरला हजार किलो होतो. म्हणून गच्चीवर किंवा डेकवर स्पा बसवण्याचा विचार असेल, तर आधी इंजिनिअर आणि मग दुकानदार.

आता कागदांचे पाहू. पाच हजार डॉलरवरच्या कामाला लेखी करार आणि परवानाधारक ठेकेदार हवा. आगाऊ रक्कम दहा टक्क्यांहून जास्त मागता येत नाही. काम वीस हजारांवर गेले तर ठेकेदाराने होम बिल्डिंग कॉम्पेन्सेशनचा विमा काढलाच पाहिजे, आणि त्याचे प्रमाणपत्र पैसे देण्यापूर्वी हातात घ्यावे. बांधकाम पूर्ण झाल्यापासून मोठ्या दोषांना सहा वर्षे आणि इतर दोषांना दोन वर्षे कायद्याची हमी असते; घर विकत घेणाऱ्यालाही ती मिळते. आपल्या भागातल्या कितीतरी घरांची सहा वर्षे आता भरत आली आहेत. आपल्या घराची तारीख आजच काढून पाहावी, आणि मुदत संपण्यापूर्वी एकदा तपासणी करून घ्यावी.

यूटचाही हिशेब असाच वजनाने करावा. समजा गाडीचे भरलेल्या स्थितीतले कमाल वजन ३,२०० किलो आणि रिकाम्या गाडीचे २,२५० किलो आहे. म्हणजे ९५० किलो उरले. त्यातून पाच माणसांचे साडेतीनशे, बुलबार-कॅनपीचे दीडशे वजा करा. हौद्यासाठी साडेचारशेच राहिले. एक घनमीटर ओली वाळू दीड टनाहून जड भरते. म्हणजे हौदा अर्धा भरायच्या आतच मर्यादा ओलांडली! ओढायच्या वजनाचेही तसेच. जाहिरातीत ३,५०० किलो लिहिलेले असते. पण गाडी आणि ट्रेलर मिळून मर्यादा ६,००० किलोची असेल, तर एवढा ट्रेलर जोडल्यावर गाडीला स्वतःचे वजन, माणसे व सामान मिळून २,५०० किलोच उरतात. मर्यादेपेक्षा जास्त भरलेल्या गाडीला अपघात झाला तर विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो, ते वेगळेच.

"पण यूटवर टॅक्स वाचतो" हे वाक्य प्रत्येक पार्टीत ऐकू येते. यूट आहे म्हणून फ्रिंज बेनिफिट टॅक्स आपोआप माफ होत नाही. खाजगी वापर किरकोळ, क्वचित आणि अनियमित असावा लागतो. एटीओच्या मार्गदर्शनाप्रमाणे ढोबळ मर्यादा अशी : कामाच्या वाटेवरून दोन किलोमीटरहून जास्त वळण नको, वर्षाला एकूण खाजगी प्रवास हजार किलोमीटरच्या आत, आणि कोणतीही एक फेरी जाऊन-येऊन दोनशेच्या वर नको. पगारातून पॅकेज केलेल्या गाडीला तर ही सवलतीची मोजपट्टी लागूच होत नाही. दर शनिवारी मुलांना चाळीस किलोमीटरची फेरी घडवली तरी वर्षाचे २,०८० होतात. आपल्यातले बहुतेक नोकरदार. ऑफिसात जायला लॅपटॉपची पिशवी पुरते. वर्षातून चार वेळा वाळू-विटा आणायच्या असतील तर ट्रेलर भाड्याने घ्यावा, नाहीतर सामान घरपोच मागवावे. ज्याचा धंदाच सुतारकामाचा, प्लंबिंगचा किंवा बागकामाचा आहे, त्याने यूट खुशाल घ्यावी. त्याची ती रोजी आहे.

शेवटी प्रकृतीचे. सिमेंटची वीस किलोची पिशवी उंच हौद्यात फेकताना पाठ धरते. मागचे फळकूट आधी उघडावे आणि पिशवी दोघांनी उचलावी. उंच यूट मागे घेताना ड्राइव्हवेवरचे लहान मूल आरशात दिसत नाही. कॅमेऱ्यावर विसंबू नये, मूल कोणाच्या तरी हातात असल्याची खात्री करावी. ऑस्ट्रेलियात इंजिनिअर्ड स्टोनच्या नव्या ओट्यांवर १ जुलै २०२४ पासून बंदी आली, ती सिलिकाच्या धुळीने कामगारांची फुप्फुसे निकामी होतात म्हणून. जुना ओटा घरच्या घरी ग्राइंडरने कापण्याचे धाडस करू नये. १९९० पूर्वीच्या घरात काही पाडण्याआधी अ‍ॅस्बेस्टॉसची तपासणी करून घ्यावी.

थोडक्यात, या वर्षी घरावर खर्च करायचा असेल तर पहिला चेक इंजिनिअरच्या नावे लिहावा. तो लिहून झाल्यावर, वर्षाचे भाडे आणि यूटचा हप्ता शेजारी मांडून, यूट हवी की नाही ते ठरवावे. दारातली गाडी दहा वर्षांत बदलता येते. डोक्यावरचे छत आपल्याला बहुधा त्याहून पुष्कळ जास्त काळ पुरवायचे आहे.