किल्ली काकूंकडेच राहू दे!

मी पहिलीपासून कॉन्व्हेंटात शिकले, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. हाच विषय इंग्रजीत लिहिला असता तर होस्टेलवर कुणी वाचला नसता, म्हणून हा खटाटोप.

कुसगावचा पाऊस आणि कुसगावची लाईट यांचं जमत नाही, हे आपल्याला माहीतच आहे. आमच्या प्रोजेक्टच्या चार सर्व्हरवर व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय चालतं, आणि 'ऑटो डिप्लॉय'मुळे ते नेटवर्कवरून सुरू होतात. त्यांच्या स्वतःच्या डिस्कवर काहीच नसतं. लाईट गेली की पाटी कोरी! परत आली की प्रत्येकाला पुन्हा डोमेनमध्ये जोडा. दोनदा मी रात्री उठून ते हाताने केलं. तिसऱ्यांदा आळस आला आणि डोमेन ॲडमिनचा पासवर्ड सरळ स्क्रिप्टमध्ये लिहून मोकळी झाले. आठ दिवसांनी तीच फाईल एका ज्युनियरच्या पेनड्राईव्हवर दिसली. पोटात गोळाच आला! त्या डोमेनवर तीन ग्रुपचं वर्षभराचं काम होतं. चूक ज्युनियरची नाही, माझी.

आता विचार करा. गावाला जाताना आपण घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवतो. झाडांना पाणी घालायला कुणी आलं की काकू दार उघडून देतात. किल्ली हातात देत नाहीत. व्हीएमवेअरची 'ऑथेंटिकेशन प्रॉक्सी' म्हणजे या काकू. व्हीसेंटर ६.५ पासून ही सेवा सोबतच येते, फक्त ती मुळात बंद असते, आपण चालू करायची. डोमेनच्या एका खात्याचा पासवर्ड तिला एकदाच द्यायचा. (ते खातं ॲडमिनचं नको, मशीन जोडण्यापुरते अधिकार असले की पुरे.) मग सर्व्हर उठला की प्रॉक्सीला म्हणतो, "मला जोड," आणि ती जोडते. पासवर्ड ना सर्व्हरकडे, ना स्क्रिप्टमध्ये.

पण काकू ओळखतात कशावरून? आपण काही बदललं नाही, तर यादीतल्या आयपी पत्त्यावरून. आणि दुसऱ्याचा आयपी कसा घ्यायचा, हे होस्टेलवाल्यांना मी काय सांगणार! म्हणून सर्टिफिकेट तपासायची सोय चालू केलीच पाहिजे.

मधला माणूसच खोटा निघाला तर काय होतं, ते पुण्याने पाहिलंय. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेच्या प्रकरणात चोरांनी खोटी प्रॉक्सी उभी केली. एटीएमवरची विचारणा बँकेच्या खऱ्या यंत्रणेकडे जायच्या आतच ती "द्या पैसे" म्हणत होती. ११ ऑगस्टला काही तासांत २८ देशांतून पैसे निघाले. १३ तारखेची स्विफ्टवरची चोरी धरून आकडा सुमारे ९४ कोटींवर गेला. ती प्रॉक्सी वेगळी, तिचं काम वेगळं, धडा तोच. जो 'हो' म्हणतो, त्याच्यावर पहारा सगळ्यात कडक हवा.

आणि डोमेनला जोडलं म्हणजे झोपायला मोकळे, असंही नाही. जुलै २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की डोमेनवर 'ईएसएक्स ॲडमिन्स' नावाचा गट दिसला की जोडलेले सर्व्हर त्यातल्या प्रत्येकाला पूर्ण अधिकार देत होते. खंडणीवाल्या टोळ्या नेमका तोच गट तयार करत होत्या! तेव्हा अपडेट टाळू नका.

"चार सर्व्हरसाठी एवढा घाट कशाला?" असं माझा ग्रुप म्हणतो. मी म्हणते, चार असतानाच सवय लावा. उद्या नोकरीत चारशे असतील, आणि स्क्रिप्टमध्ये पासवर्ड लिहिणारा हात हाच असेल. आमची प्रॉक्सी एका दुपारी उभी राहिली. जुना पासवर्ड बदलला, ती स्क्रिप्ट पुसली. परवा पुन्हा रात्री लाईट गेली. सकाळी बघते तर चारही सर्व्हर आपापले जोडलेले.

मी मात्र गाढ झोपले होते. बघा, पटतंय का!