नागझिऱ्याला बास नको रे बाबा!

परवा पुतण्या आला होता. मिनेसोटात असतो. डिसेंबरची थंडी होती, म्हणून सगळी मंडळी नागझिऱ्याला गेलो. पहाटेची वेळ, तलावावर धुकं... आणि आमचे साहेब म्हणतात, "काका, अशा तलावांत बास मासा सोडला तर? लोक गळ घेऊन येतील. पकडायचा, फोटो काढायचा, परत सोडायचा. गावालाही चार पैसे!"

जंगलात भांडू नये म्हणून मी गप्प बसलो. पण डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. म्हणून ही पोस्ट. (दादा-वहिनी, तुम्हीही वाचाल, रागावू नका.)

आधी त्याचं कौतुक. थंडीत बास कसा पकडतात हे त्याने मला झकास समजावलं. माशाचं अंग पाण्याइतकंच गार. त्यामुळे पचन मंद, भूक कमी, आणि मासा खोल जाऊन बसतो. पाणी ४ अंशाला सगळ्यात जड असतं, म्हणून वर बर्फ जमला तरी तळ गोठत नाही. आमिष अगदी हळू, त्याच्या नाकासमोरून न्यायचं आणि वाट बघायची. चिकाटीचं काम आहे. तिथे बास हा घरचाच मासा, तेव्हा माझी काही तक्रार नाही.

पण इथे?

नागझिरा १९७० पासून अभयारण्य आहे, तिथे गळ टाकायचा प्रश्नच नाही. राहिले बाहेरचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. कोहळी लोकांनी शेतीसाठी बांधलेले, शेकडो वर्षांचे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. आज त्यांतल्या माशांवर ढिवरांची घरं चालतात. थंडीत पहाटे कमरेइतक्या पाण्यात उभा असलेला माणूस तिथे मौजेसाठी उभा नसतो. त्याला जाऊन सांगा, "पकड आणि सोडून दे"!

आणि बास खातो काय? मासे, बेडूक, झिंगे... तोंडात मावेल ते. जपानने १९२५ मध्ये हा मासा आशी तलावात आणला. पुढे तो देशभर पसरला, तिथल्या माशांवर तुटून पडला. २००५ पासून तिथे तो पाळायला, न्यायला, सोडायला कायद्याने बंदी आहे. ऐंशी वर्षांनी आलेलं शहाणपण!

जपान कशाला, आपलंच बघा ना. १९५२ मध्ये तिलापिया आणला, १९५९ मध्ये गवत्या मासा म्हणजे ग्रास कार्प. आफ्रिकन मागूर तर इतका डोईजड झाला की २००० मध्ये त्यावर बंदी घालावी लागली. दर वेळी कारण एकच, "लवकर वाढतो, पैसा देतो". ग्रास कार्प जी पाणवनस्पती फस्त करतो तिच्यातच गावठी मासे अंडी घालतात, पिल्लं लपतात. मग ते राहतील कुठे?

रोहू-कटल्याने मच्छीमार संस्थांना पैसा मिळतो, हे मला मान्य आहे. पण ते साठलेल्या पाण्यात आपसूक वीत नाहीत, बीज दरवर्षी विकत आणावं लागतं. मरळ, शिंगी, मागूर मात्र तलावातच वाढतात. फुकट! फक्त तलाव जिवंत हवा.

आणि तो जिवंत करता येतो. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवरांनी काही तलावांतली बेशरम उपटून काढली आणि पाण्यात पुन्हा स्थानिक वनस्पती लावल्या. बाहेरून मासा आणण्यापेक्षा हा उद्योग मला लाखमोलाचा वाटतो. गावात पैसा यायचाच असेल तर या कामाला यावा.

गंमत बघायचीच असेल तर मरळीची बघ की. थंडीत तीही सुस्तावते, पण हवा घ्यायला तिला वर यावंच लागतं. पाण्यावरचा एक बुडबुडा बघून ती कुठे आहे हे ओळखणारी माणसं आपल्याकडे आहेत. त्यांच्यापुढे तुझा महागडा गळ काय रे!

असो. बाळा, पुढच्या डिसेंबरला जरूर ये. त्यांच्याबरोबर पहाटे तुला पाण्यात उतरवतो. मग घरी काकूच्या हातचा मरळीचा रस्सा आणि भात. परत सोडायचं मात्र काही नाही हं!