उपपत्तीविना गणित

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचा निकाल लागला की अनेक मध्यमवर्गीय घरांत गणिताची ‘केटी’ हा चिंतेचा विषय होतो. बारावीपर्यंत कॅल्क्युलसमध्ये उत्तम गुण मिळवणारा विद्यार्थी अनेक चलांच्या कॅल्क्युलसपाशी का अडखळतो? विषय कठीण आहे, हे उत्तर अपुरे आहे. उणीव अध्यापनाच्या पद्धतीत आहे.

बारावीत फल म्हणजे कागदावरचा वक्र. महाविद्यालयात एकाऐवजी दोन चले येतात आणि त्या वक्राचा पृष्ठभाग होतो. हे स्थित्यंतर डोळ्यांपुढे उभे न करताच आंशिक अवकलनाची सूत्रे फळ्यावर उतरवली जातात. वास्तविक शालेय भूगोलातील समोच्च रेषांचा नकाशा हे दोन चलांच्या फलाचेच चित्र होय. सह्याद्रीच्या नकाशात या रेषा दाटल्या की चढ उभा असतो आणि सर्वाधिक चढाची दिशा रेषांना काटकोनात जाते. ती दिशा दाखवणारा सदिश म्हणजेच ‘ग्रेडियंट’. त्याच्या उलट दिशेने पावलापावलाने उतरण्याची रीत कोशी या फ्रेंच गणितज्ञाने १८४७ मध्ये मांडली. आजची कृत्रिम बुद्धिमत्ता कोट्यवधी चलांच्या प्रदेशात त्याच तत्त्वावर शिकते.

दुहेरी समाकलनाचीही तीच कथा. समाकलनाचा क्रम बदलण्याचा प्रश्न परीक्षेत नेहमीचा. क्षेत्राची आकृती काढली की नव्या सीमा त्यातूनच वाचता येतात. विद्यार्थी मात्र सोडवलेली उदाहरणे पाठ करतो आणि आकृती थोडी बदलताच हतबल होतो.

अनंत श्रेणींवरील कार्याबद्दल केरळच्या माधवांचा आपल्याला अभिमान वाटतो, तो रास्तच आहे. अनेक चलांचे कॅल्क्युलस मात्र अठराव्या शतकात ऑयलर, लाग्रांज प्रभृतींनी युरोपात विकसित केले, हे मोकळेपणाने मानण्यात कमीपणा नाही. त्याच परंपरेतील ज्येष्ठदेवांनी सोळाव्या शतकात ‘युक्तिभाषा’ लिहिली, ती मल्याळममध्ये आणि नियमांच्या उपपत्तींसह. व्यासपीठावरून या ग्रंथाचा गौरव करायचा आणि वर्गात वेळेअभावी उपपत्तीच गाळायची, ही विसंगती आपल्याला बोचली पाहिजे.

प्राध्यापकांनी सूत्राआधी आकृती काढावी. संकल्पना मराठीतून समजावण्याचा संकोच बाळगू नये. पालकांनीही गुणपत्रिका पाहताना ‘हे सूत्र असेच का?’ एवढे मुलांना विचारावे. ज्ञानपरंपरेचा वारसा टिकतो तो अशा प्रश्नांनी आणि त्यांच्या उत्तरांसाठी घेतलेल्या परिश्रमांनी.